गोष्टीतून आलेली इंग्रजी

आपल्या वेळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीत भेटायची. पहिलीपासून ती २००० साली सुरू झाली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापच्या गोष्टी इंग्रजीतून मराठीत आणल्या होत्या. साकोलीत आपल्या सरांनी त्याच परत इंग्रजीत सांगितल्या. गोष्ट ठाऊक असल्याने शब्द आपोआप कळत; पाठांतराने ते कधी जमलं नाही.

नववीत ओ. हेन्रीची ‘आफ्टर ट्वेंटी इयर्स’ (वीस वर्षांनी भेटणाऱ्या मित्रांची, आठवते?) त्यांनी ऐन रंगात थांबवली. पुढचं हवं तर इंग्रजीत विचारा, म्हणाले. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी मागच्या बाकावरून आलं, “सर, व्हॉट हॅपन?” सरांनी चूक काढली नाही, गोष्ट पुढे नेली.

पुण्यातल्या पहिल्या मुलाखतीत मीही तशीच चुकत बोलत राहिले.