तारकाचिन्हाचा कारभार

पत्त्यांच्या डावात जोकरला स्वतःचे असे मोल नसते; ज्या पानाची उणीव असेल त्याची जागा तो घेतो. संगणकाच्या राज्यात हेच काम एका लहानशा तारकाचिन्हाकडे आलेले आहे. चकतीवर हजारो फाइली साठल्या असता, त्यांपैकी ‘टीएक्सटी’ या अक्षरांनी संपणाऱ्या तेवढ्या एका दालनात हलवावयाच्या असतील, तर प्रत्येकीचे नाव घेण्याचे कारण पडत नाही. आधी तारका, मग टिंब आणि ती अक्षरे, एवढे लिहिले की पुरते. तारका म्हणजे ‘येथे काहीही असो’. या चिन्हाचा इतिहास पाहू गेल्यास सोय आणि धोका ही दोन्ही त्याच्या ठायी आरंभापासून एकत्र नांदत आली आहेत, असे दिसून येते.

१९५६ साली आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ हे यंत्र बाहेर आणले. त्याच्या साठवणीच्या भागात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक फिरत, आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांचा मज्जातंतूंच्या जाळ्यांविषयीचा निबंध छापून निघाला. एखादी गोष्ट ‘शून्य वेळा अथवा कितीही वेळा’ घडावी, हा अर्थ त्यांनी तारकेने दर्शविला होता. फाइलींच्या नावांतील तारका मात्र वेगळी आहे. क्लेनींची तारका आपल्यामागे जे असेल त्याच्या आवृत्तीविषयी बोलते. फाइलींची तारका स्वतःच कोणत्याही अक्षरसमूहाच्या जागी उभी राहते. चिन्ह एक, अर्थ दोन, आणि त्यामुळे नवशिक्यांची फसगत आजही होते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची प्रभृतींनी १९६९ पासून ‘युनिक्स’ ही प्रणाली उभारली. नोव्हेंबर १९७१ च्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तकात ‘ग्लॉब’ नावाची एक छोटी आज्ञावली आढळते. तारका दिसताच तिने जुळणारी सर्व नावे गोळा करावीत आणि ती यादी मूळ आज्ञेच्या हाती द्यावी, अशी ही योजना होती. तिचा लाभ मोठा झाला: प्रत्येक आज्ञेला तारकेचा अर्थ निराळा शिकविण्याची गरज उरली नाही. परंतु आज्ञेच्या हाती पडते ती केवळ नावांची यादी. ती नावे धन्याने विचारपूर्वक एकेक करून लिहिली, की एका तारकेतून शेकड्यांनी निपजली, हे तिला कळण्यास मार्ग नाही.

१९८१ साली आलेल्या ‘एमएस-डॉस’ने दुसरी वाट धरली. तेथे आठ अक्षरांचे नाव व तीन अक्षरांचा प्रकार अशी शिस्त होती, आणि तारकेचा अर्थ ज्या त्या आज्ञेने स्वतः लावावयाचा होता. म्हणूनच सर्व फाइली पुसण्याची आज्ञा मिळताच ती ‘खात्री आहे काय?’ असे विचारू शकत असे. युनिक्सचा सेवक असे सहसा विचारीत नाही.

या मौनाची किंमत केवढी असू शकते, हे १९९८ साली दिसले. ‘पिक्सार’ संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असता, सर्व काही पुसणारी तारकायुक्त आज्ञा नको त्या ठिकाणी दिली गेली. पात्रे आणि दृश्ये पाहता पाहता नाहीशी होऊ लागली. राखीव प्रतींकडे धाव घ्यावी, तर त्याही नीट निघालेल्या नव्हत्या. तंत्रविभागाच्या एक प्रमुख गॅलिन सुस्मन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणूनच ते काम वाचले.

तथापि तारकेचे खरे क्षेत्र नाश हे नसून व्यवस्था हे आहे. ‘अशा नावाच्या फाइली अमुक दालनात जाव्यात’ असे नियम एकदा ठरवून दिले, की संगणक ते निमूटपणे पाळतो. येथे नियमांच्या क्रमाला फार महत्त्व येते. आपल्या व्याकरणशास्त्रात सामान्य नियम म्हणजे उत्सर्ग, आणि विशेष नियम म्हणजे अपवाद. अपवाद हा उत्सर्गाला बाधतो, हे सर्वमान्य आहे. संगणकाच्या पुष्कळ आज्ञावलींना एवढा विवेक नसतो. जो नियम आधी लिहिलेला असेल तो आधी लागू होतो. सर्वव्यापी तारकेचा नियम वर लिहिला तर खालच्या विशेष नियमांची पाळीच येत नाही. यास्तव अपवाद आधी आणि उत्सर्ग शेवटी, अशीच मांडणी करावी लागते.

आणखी एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. तारका फाइलीचे अंतरंग वाचीत नाही. तिला दिसते ते केवळ नाव. जुन्या दप्तरखान्यात कागद रुमालात बांधून ठेवीत. बांधणाऱ्याने वर चिठ्ठी चुकीची लावली, तर आतले पत्र कितीही मोलाचे असो, शोधणाऱ्याला ते गेल्यासारखेच. फाइलींचेही तसेच आहे. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि त्यानंतर विषय असा क्रम ठेवला, तर एका वर्षाचे सारे कागद एका तारकेने हाती येतात. ‘नवीन’, ‘शेवटचे’, ‘खरोखर शेवटचे’ अशी नावे ठेवणाऱ्याला कोणताही नियम तारू शकत नाही.

आणि पुसण्याची वा हलविण्याची आज्ञा देण्यापूर्वी, त्याच तारकेने आधी नुसती यादी मागवावी. यादी शांतपणे वाचावी, आपल्याला हव्या होत्या त्याच फाइली तीत आहेत ना हे पाहावे, आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. संगणकाने न विचारलेला प्रश्न अशा रीतीने आपण स्वतःस विचारून घेतो.