यूरे परिसरातील खाणमार्ग

यूरे परिसरातील खाणमार्ग हे अमेरिकेच्या कॉलोराडो राज्यातील सॅन वॉन पर्वतरांगेत असलेले कच्चे डोंगरी रस्ते आहेत. एकोणिसाव्या शतकात सोन्या-चांदीच्या खाणींसाठी खोदलेले हे रस्ते आज जीप व तत्सम वाहनांच्या ऑफ-रोड भ्रमंतीसाठी प्रसिद्ध आहेत. सुमारे २,३७५ मीटर उंचीवरील यूरे हे पर्यटननगर या भ्रमंतीचे प्रमुख केंद्र होय. यूट जमातीच्या यूरे या प्रमुखाच्या नावावरून नगराचे नाव पडले.

इतिहास

१८७३ च्या ब्रूनो करारान्वये यूट लोकांना हा खनिजसमृद्ध प्रदेश सोडावा लागला. त्यानंतर येथे खाणी वाढल्या. खनिज खाली आणण्यासाठी आणि अन्नधान्य व यंत्रे वर नेण्यासाठी खेचरांच्या वाटा व गाडीरस्ते तयार झाले. ऑटो मिअर्स याने १८८० च्या दशकात यूरेच्या दक्षिणेस पथकर घेऊन वापरता येणारा रस्ता बांधला. तो पुढे ‘मिलियन डॉलर हायवे’चा भाग झाला. १८९३ मध्ये चांदीचे भाव कोसळून अनेक खाणी बंद पडल्या. मात्र १८९६ मध्ये टॉमस वॉल्श यास सोने सापडले आणि कॅम्प बर्ड ही खाण भरभराटीस आली. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप सामान्य नागरिकांना उपलब्ध झाली व ओस पडलेल्या या वाटांना नवे प्रवासी लाभले.

प्रमुख मार्ग

इमोजीन खिंड (३,९९७ मीटर): हा मार्ग यूरे व टेल्युराइड या नगरांना जोडतो. वाटेत कॅम्प बर्ड आणि टॉमबॉय या खाणींचे अवशेष दिसतात.

ब्लॅक बेअर खिंड (सुमारे ३,९१० मीटर): टेल्युराइडच्या बाजूचा तीव्र, अरुंद वळणांचा उतार अत्यंत धोकादायक असून तेथे केवळ खाली उतरण्याची मुभा आहे. गायक सी. डब्ल्यू. मॅकॉल यांच्या १९७५ मधील गीतामुळे हा मार्ग सर्वतोमुखी झाला. मॅकॉल पुढे यूरेचे नगराध्यक्ष झाले.

अल्पाइन लूप: सुमारे १०५ किलोमीटरचा हा फेरा इंजिनिअर व सिनॅमन या खिंडींतून जातो आणि यूरे, सिल्व्हर्टन व लेक सिटी यांना जोडतो. त्यावरील ॲनिमस फोर्क्स हे सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील ओसाड खाणगाव आहे.

वाहन व सुरक्षितता

बर्फामुळे उंच खिंडी साधारणतः उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांतच खुल्या असतात. चारही चाकांना शक्ती मिळणारे, जमिनीपासून पुरेसे उंच वाहन येथे आवश्यक ठरते. उतारावर सतत ब्रेक दाबल्यास ते तापून निकामी होतात. म्हणून खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाने वेग आवरतात. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट देण्याचा प्रघात आहे. ४,००० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असल्याने इंजिनाची शक्ती घटते व प्रवाशांस दम लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांसह वादळे होत असल्याने सकाळीच खिंड ओलांडणे श्रेयस्कर मानले जाते.

पर्यावरण

वृक्षरेषेच्या वरील टुंड्रा वनस्पतींना वाढीसाठी अल्प काळ मिळतो. चाकांखाली चिरडलेले गवत पूर्ववत होण्यास अनेक दशके लागू शकतात. त्यामुळे आखलेला मार्ग सोडून वाहन नेण्यास मनाई आहे. जुन्या खाणींतून झिरपणारे आम्लयुक्त पाणी ही येथील मोठी समस्या आहे. ५ ऑगस्ट २०१५ रोजी सिल्व्हर्टनजवळील गोल्ड किंग खाणीतून सुमारे ३० लाख गॅलन दूषित पाणी वाहून ॲनिमस नदी नारिंगी-पिवळी झाली होती.