क्षुद्ररोग आणि मदुरा-पाद : पायांच्या विकारांची नावे व उपचाराची वेळ

१

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील तेराव्या अध्यायात ४४ विकारांचे वर्णन आले असून त्यांना ‘क्षुद्ररोग’ अशी संज्ञा दिलेली आहे. पायांच्या नित्याच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा याच अध्यायात आढळतात. फार चालणाऱ्या माणसाचे तळवे रूक्ष होऊन त्यांना भेगा पडणे ही पाददारी. खडे-वाळूने रगडलेल्या किंवा काट्याने दुखावलेल्या पायात बोराएवढी कठीण गाठ बनणे हा कदर. दूषित चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्या ओल्या राहून तेथे खाज, दाह व वेदना होणे हा अलस. नखाच्या मुळाशी असलेल्या मांसात दाह होऊन ते पिकणे हे चिप्प. आणि आघाताने नख काळे, खरखरीत व कठीण होणे हे कुनख. निरीक्षणाची ही बारकाई आजच्या वैद्यालाही मान्य करावी लागेल. प्रत्येक विकाराबरोबर त्याचे कारण सांगितलेले आहे आणि ते कारण बहुतेक ठिकाणी माणसाच्या चालण्याशी, जमिनीशी व कामाशी निगडित आहे.

तथापि या वर्गाच्या नावाकडे अधिक लक्ष देणे अवश्य आहे. ‘क्षुद्र’ म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ येथे घेता येत नाही. कारण याच यादीत अग्निरोहिणी हा विकार आहे आणि तो सात, दहा किंवा पंधरा दिवसांत प्राण घेतो असे संहिताकारच सांगतात. याच यादीत वल्मीक आहे, आणि त्याच्या एका अवस्थेत वैद्याने चिकित्साच हाती घेऊ नये असा चिकित्सास्थानाचा आदेश आहे. म्हणजे वर्गाचे नाव एक सुचविते आणि वर्गातील आशय दुसरेच सांगतो. ही विसंगती केवळ शब्दार्थाची नव्हे. एखाद्या दुखण्याला माणूस काय म्हणतो, यावर तो वैद्याकडे केव्हा जातो हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. पायाच्या विकारांचा इतिहास या दृष्टीने पाहिला म्हणजे त्यात नाव आणि विलंब यांचा संबंध वारंवार प्रत्ययास येतो.

२

मराठी लोकव्यवहाराने या विकारांना स्वतःची नावे दिली. पाददारीला भेगा किंवा जळवात, कदराला कुरूप किंवा भोवरी, अलसाला चिखल्या, चिप्पाला नखुरडे. या नावांमागे निरनिराळी तत्त्वे दिसतात. ‘चिखल्या’ हा शब्द कारणावरून आलेला आहे, आणि संस्कृत ग्रंथाने अलसाचे जे कारण दिले तेच, म्हणजे चिखल, मराठीने थेट नावातच आणले. भाताच्या लावणीत दिवसचे दिवस खाचरात उभे राहणाऱ्या कोकणातील शेतकऱ्याला हे कारण कोणी शिकवावे लागले नाही. ‘भोवरी’ हे नाव आकारावरून पडलेले आहे. ‘जळवात’ या शब्दात आगीची जाणीव आणि वाताची कल्पना एकत्र आलेली दिसते.

नावे अशी नेमकी असली तरी एका बाबतीत ती सारखीच मुकी आहेत. दुखणे कोठवर घरगुती समजावे आणि कोठून पुढे ते वैद्याचे समजावे, हे त्यांपैकी एकही नाव सांगत नाही. उलट अशा घरगुती नावामुळे दुखणे ओळखीचे होते, आणि ओळखीच्या दुखण्याची भीती वाटत नाही. त्यातच शरीराच्या अवयवांमध्ये पायाचे स्थान भाषेने खालचे ठरविलेले. ‘पायातली वहाण पायातच बरी’ या म्हणीत जो तुच्छभाव आहे तो वहाणेपुरता मर्यादित राहिलेला नाही.

प्राचीन उपचारही येथे पाहण्यासारखे आहेत. पाददारीवर स्नेहन व स्वेदन करून मेण, तूप, चरबी, राळ यांचा लेप सांगितला आहे. टाचेच्या भेगांत वंगण भरून कातडी मऊ ठेवावी हे आजच्या उपचाराचेही सूत्र आहे. अलसात पाय कांजीने धुऊन कडुनिंब, पडवळ, त्रिफळा इत्यादींचा लेप करावा असे म्हटले आहे. कदर मात्र शस्त्राने उपटून काढून ती जागा तापलेल्या स्नेहाने डागावी असा आदेश आहे. आज कुरूपाचे मूळ दाब व घर्षण यांत आहे हे निश्चित झाले असल्याने घट्ट पादत्राण बदलणे हा पहिला उपाय ठरतो. दाब कायम ठेवून केवळ गाठ कापली तर ती पुन्हा येते. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, संहितेतील हे शस्त्रकर्म शिकलेल्या वैद्याच्या हातचे होते. तेच काम घरी दाढीच्या पात्याने उरकण्याची जी रीत पुढे रूढ झाली, तिला शास्त्राचा आधार नाही.

३

वल्मीक म्हणजे वारूळ. हातापायांचे तळवे, सांधे, मान अशा जागी वारुळासारखी गाठ हळूहळू वाढते. तिच्यावर टोचणी, ओल, दाह व खाज असलेले व्रण उठतात. असे संहितेचे वर्णन आहे. हातापायांवर अनेक छिद्रे पडून सूज आलेली असेल तर असा रोगी जाणत्याने सोडून द्यावा, असे चिकित्सास्थान सांगते. हे वर्णन ज्या आधुनिक व्याधीशी विशेष जुळते ती व्याधी म्हणजे ‘मदुरा-पाद’ होय. दोन्हींची पूर्ण एकरूपता सिद्ध झाली आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु मंद वाढ, अनेक छिद्रे आणि स्राव या तिन्ही लक्षणांचे साम्य उघड आहे.

या व्याधीची आधुनिक नोंद १८४२ मध्ये मदुरेच्या दवाखान्यातून जॉन गिल यांनी केली, आणि स्थळावरूनच तिला ‘मदुरा-पाद’ हे नाव पडले. तिच्या शास्त्रीय अभ्यासाचा पुढचा टप्पा मात्र मुंबईत घडला. ग्रे यांच्या सुप्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या १८५८ मधील पहिल्या आवृत्तीची चित्रे ज्यांनी काढली, ते हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले, आणि पुढे काही वर्षे ते सातारा येथे सिव्हिल सर्जन होते. रोगग्रस्त पायांचे छेद घेऊन त्यांतील दाण्यांची त्यांनी सूक्ष्मदर्शकाने परीक्षा केली व हा विकार बुरशीजन्य असल्याचे १८६० च्या सुमारास प्रतिपादिले. ग्रीक भाषेतील बुरशीवाचक शब्दावरून ‘मायसेटोमा’ ही संज्ञा त्यांनीच रूढ केली. १८७४ मध्ये त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

येथे नामकरणाचे एक नवे तत्त्व दिसते. ‘वल्मीक’ हे नाव रूपावरून, ‘मदुरा-पाद’ हे स्थळावरून, आणि ‘मायसेटोमा’ हे जंतुकारणावरून. पहिली दोन नावे रोग ओळखण्यास उपयोगी होती. तिसऱ्याने उपचाराचा मार्ग दाखविला. मात्र हे तिसरे नावही अपुरे ठरले. या व्याधीचे दोन प्रकार आहेत, एक खऱ्या बुरशीचा व दुसरा तंतुरूपी जीवाणूंचा, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण जीवाणूजन्य प्रकार प्रतिजैविकांनी बरा होण्याची शक्यता बरीच असते. बुरशीजन्य प्रकारात दीर्घकाळ बुरशीनाशक औषधे व बहुधा शस्त्रक्रियाही लागते. एकोणिसाव्या शतकात वाढलेल्या रोगावर पाय कापणे हाच भरवशाचा उपाय होता.

ही व्याधी अनवाणी चालणाऱ्या शेतकरी, मेंढपाळ व मजूर यांना प्रामुख्याने होते. काट्याच्या टोचणीतून जंतू आत शिरतात. आरंभीची गाठ दुखत नाही. न दुखणारी गाठ घेऊन दवाखान्याची वाट कोण चालेल? वर्षे लोटतात, छिद्रे पडतात, हाड पोखरले जाते, आणि मग रोगी येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये या व्याधीचा समावेश उष्ण कटिबंधातील उपेक्षित रोगांच्या यादीत केला. कार्टर यांच्या शोधानंतर दीड शतक उलटल्यावर ‘उपेक्षित’ हे विशेषण तिला अधिकृतपणे चिकटावे, यात क्षुद्ररोगांच्या जुन्या कथेचाच पुढचा अध्याय दिसतो.

४

वेदना ही रोगाची दूती आहे असे मानले तर पायाचा सर्वांत धोकादायक विकार म्हणजे वेदना नसणे. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये हातापायांची सुप्तता व दाह यांचा निर्देश आहे. मराठीत याच अवस्थेला ‘मुंग्या येणे’ आणि ‘पाय बधिर होणे’ असे म्हणतात. ‘बधिर’ हा मुळात कानाचा शब्द. ज्याला ऐकू येत नाही तो बधिर. पायाच्या बाबतीत हे लक्षणाशब्द चपखल बसते, कारण संवेदना गेलेला पाय खरोखरच जमिनीचे ऐकत नाही. काटा, खडा, तापलेली वाळू यांची वार्ता तो वर पोचवीत नाही.

या गोष्टीचे शास्त्रीय महत्त्व कुष्ठरोगाच्या अभ्यासातून प्रकर्षाने पुढे आले. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी असे दाखवून दिले की, कुष्ठरोग्याची बोटे रोगाने ‘झडत’ नाहीत. वेदना न कळल्यामुळे वारंवार होणाऱ्या जखमा व त्यांतील पू यांनी ती झिजतात. ‘झडणे’ या एका क्रियापदाने रोग्याला असाध्य ठरविले होते. ते क्रियापद चुकीचे ठरताच मऊ तळाचे पादत्राण आणि पायाची रोजची तपासणी हे साधे उपाय प्रभावी ठरले. हाच विचार पुढे मधुमेही रुग्णाच्या पायाला लागू झाला. मधुमेहात मज्जातंतू दुबळे होऊन संवेदना मंदावते, रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरण्यास विलंब लागतो. अशा पायावर एखादे कुरूपही क्षुद्र राहत नाही.

५

वरील विवेचनावरून उपचाराची वेळ ठरविण्याची कसोटी विकाराच्या नावात नसून पायाच्या स्थितीत आहे, हे दिसून येईल. संवेदना व रक्तपुरवठा चांगला असलेल्या पायाच्या भेगा, कुरूप, चिखल्या यांवर प्रथम घरी उपाय करण्यास हरकत नाही : पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, टाचांना वंगण लावणे, सैल पादत्राण वापरणे, नखे कोपऱ्यांत खोल न कापता सरळ कापणे, आणि चिखल्यांवर बुरशीनाशक मलम लावणे. दोनतीन आठवड्यांत उतार पडला नाही, भेगेतून रक्त येऊ लागले किंवा नखाच्या कडेला पू धरला, तर वैद्यांना दाखवावे. लाली व सूज वर चढू लागली, ताप आला, बोट काळे-निळे किंवा गार पडले, तर त्याच दिवशी गेले पाहिजे. काटा रुतल्यानंतर महिन्यांनी आलेली, न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ ही दुखत नाही म्हणूनच दाखविली पाहिजे. तिच्यातून दाणे बाहेर येत असतील तर त्यांचा रंगही सांगावा, कारण निदानास त्याचे साह्य होते. त्वचेवरील बधिर चट्टा कधीही अंगावर काढू नये. आणि मधुमेह असलेल्या व्यक्तीने पायांची रोज तपासणी करावी, कुरूपावर पाते किंवा तीव्र अम्लाची पट्टी वापरू नये, आणि फोड वा जखम दिसताच, ती दुखो वा न दुखो, उपचार घ्यावा.

सुश्रुताच्या वर्गीकरणात क्षुद्र व असाध्य हे एकाच अध्यायात शेजारी शेजारी आले आहेत. पुष्कळदा त्या दोहोंमधील अंतर रोगाच्या जातीचे नसून कालाचे असते. ते अंतर संपण्यापूर्वी रोगी वैद्यापर्यंत पोचावा, यासाठी भाषेने क्षुद्र म्हटलेल्या दुखण्याकडे डोळसपणे पाहण्याची सवय समाजाला लागणे अगत्याचे आहे.