दार उघडणारी घरे

१४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या सागरतीरावर पोप फ्रान्सिस यांनी गोव्याचे सुपुत्र फादर जुझे वाझ यांना संतपदी विराजमान केले. १६ जानेवारीला त्यांचा सण आला की आपण त्यांच्या धाडसाचे गोडवे गातो. ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील एक पान आपण घाईने उलटतो, असे आम्हांस वाटते. ते पान धर्मगुरूचे नव्हे, प्रापंचिकांचे आहे.

१६५८ साली डचांनी जाफना जिंकले आणि त्याच वर्षी फर्मान काढले : कॅथलिक धर्मगुरूला जो आसरा देईल त्याला देहान्त शासन. धर्मगुरू हद्दपार झाले, चर्चे डचांच्या पंथाकडे गेली. विवाहाची नोंदही त्यांच्याच चर्चमध्ये व्हावी लागे. ती नसेल तर विवाह कायद्याने अमान्य आणि मुलांचा वारसाहक्क धोक्यात. साहजिकच अनेकांनी वरवर नवा पंथ पत्करला आणि घराच्या आत जपमाळ चालू ठेवली. त्यांना भेकड म्हणण्याचा अधिकार निदान आम्हांस तरी नाही. बापजाद्यांची जमीन लेकरांच्या हाती राहावी, असे कोणास वाटत नाही?

अशी सुमारे तीस वर्षे धर्मगुरूविना गेली. इकडे जुन्या गोव्यात एतद्देशीय धर्मगुरूंनी ओरेटरी संघ उभारला होता आणि बाणावलीत जन्मलेले फादर वाझ १६८५ मध्ये त्याचे प्रमुख झाले होते. ते पद सोडून पुढच्याच वर्षी ते निघाले. १६८७ साली हमालाच्या वेषात, जॉन नावाच्या सेवकासह, ते जाफन्यास पोहोचले ते आजाराने खंगूनच. कोणा एका बाईने आणून दिलेल्या पेजेवर ते जगले. त्या बाईचे नाव इतिहासाने जपलेले नाही.

बरे झाल्यावर त्यांनी गळ्यात ठळक दिसेल अशी जपमाळ घातली आणि ते दारोदार भीक मागू लागले. ती माळ पाहून कोणाचा चेहरा पालटतो, हे ते न्याहाळत. यात जोखीम होती, पण अविचार नव्हता. फादर वाझ धाडसी होते तितकेच सावध होते. घरातली माणसेही सावध होती, कारण हा भिकारी डचांचा हेर नसेल कशावरून? दोन्ही बाजूंनी भीती, आणि मध्ये एक उंबरठा. अखेर एका घराने विश्वास टाकला. पुढे सिल्लालै या गावाने त्यांना ठेवून घेतले आणि रात्रीच्या काळोखात मिस्सा होऊ लागल्या.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. धर्मगुरू पहाटेपूर्वी दुसऱ्या गावी निसटू शकत होता. ज्याचे घर, शेत आणि लहान मुले तेथेच होती, त्याने कोठे जावे? आमच्या मते या कथेतील मोठी जोखीम त्या घरधन्याची होती. एका नाताळच्या रात्री डच शिपायांनी धाड घातली तेव्हा फादर वाझ हाती लागले नाहीत. पकडले गेले ते जमलेले भाविक. डचांचा पंथ सोडून कॅथलिक झालेले डॉन पेद्रो फटक्यांच्या माराने मरण पावले. त्यांच्या काही सोबत्यांच्या वाट्याला सक्तमजुरी आली.

त्यानंतरची हकिगत परिचित आहे. १६९२ मध्ये कँडीच्या राजाने फादर वाझ यांना पोर्तुगीजांचे हेर समजून कैदेत टाकले. १६९७ मध्ये देवीची साथ आली आणि राजासह अनेकांनी नगर सोडले, तेव्हा ते व त्यांचे भाचे फादर जुझे कार्व्हाल्यो रुग्णांची सेवा करीत तेथेच राहिले. १७११ साली कँडीतच त्यांनी देह ठेवला. गोव्याहून ओरेटरीचे धर्मगुरू मात्र त्यांच्यामागेही येत राहिले, आणि प्रत्येकासाठी कोणाला तरी दार उघडावे लागले. कॅथलिकांविरुद्धचे ते कायदे इंग्रज गव्हर्नर मेटलंड यांनी रद्द केले ते १८०६ साली.