एक पदवी, अनेक शास्त्रे



बारावीचा निकाल लागला की गगनबावड्यासारख्या डोंगरी तालुक्यात घरोघरी एकच प्रश्न निघतो: पुढे कोणता विषय घ्यायचा? एखादी मुलगी म्हणाली की जीवशास्त्र, रसायन आणि गणित ही तिन्ही मला एकत्र शिकायची आहेत, तर वडीलधारी माणसे म्हणतात, "बाई, धड एक तरी कर!" या बोलण्यामागची काळजी खोटी नाही. मुलीला कोल्हापुरास ठेवून शिकवायचे तर घरच्या भातावर भागत नाही. म्हणूनच या प्रश्नाचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावा असे आम्ही योजिले. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून आम्ही चढलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, पाळी सुटायची वाट पाहता पाहता.

विषयांच्या भिंती काही अनादि नव्हेत. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच प्रारंभी त्याचे मुख्य काम होते. परीक्षा म्हटली की प्रश्नपत्रिका आली, आणि प्रश्नपत्रिका म्हटली की विषयाची हद्द आली. सोयीसाठी आखलेली ही हद्द पुढे ज्ञानाचीच हद्द मानली गेली, असे आम्हांस वाटते.

ही हद्द ओलांडणारा एक विद्यार्थी आपल्याच मुलखातला होता. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पण बौद्ध धर्माच्या ओढीने ते नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे हिंडले, पाली शिकले, आणि त्या पालीच्या बळावर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठापर्यंत पोहोचले. १९१८ साली त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरास बरोबर नेले. तो पुढे हार्वर्डमध्येच शिकू लागला. तेथील विख्यात गणिती बर्कहॉफ यांचा त्यास सल्ला होता की, गणितावरच सारे लक्ष द्यावे. दामोदराने गणित सोडले नाही. पण त्याच्या जोडीस इतर विषय आणि युरोपातल्या भाषाही घेतल्या, आणि १९२९ साली सर्वोच्च सन्मानासह पदवी मिळवली.

या अभ्यासातून काय निघाले? पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना दामोदर कोसंबींनी प्राचीन चांदीची नाणी तराजूत घातली. नाणे जितके हातोहात फिरते तितके ते झिजते. तेव्हा वजनाच्या सरासरीवरून नाण्यांचा पूर्वापर क्रम लावता येईल, हा त्यांचा विचार. तो पडताळून पाहण्यासाठी त्यांनी चालू नाणीही तोलली. १९४४ साली त्यांनी आनुवंशशास्त्रात एक सूत्र मांडले. दोन गुण पुढच्या पिढीत किती वेळा एकमेकांपासून सुटतात, यावरून त्यांची गुणसूत्रावरील ठिकाणे परस्परांपासून किती दूर आहेत हे त्या सूत्राने काढता येते. कोसंबींच्या नावाचे हे सूत्र भाताच्या आनुवंशिक नकाशांसाठीही वापरले गेले आहे. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवून त्यांनी अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारे वेचली आणि धनगरांच्या वाटांवरून जुन्या वाटांचा माग काढला. १९५६ साली भारतीय इतिहासावरील त्यांचा गाजलेला ग्रंथ आला. वरवर पाहता ही चार माणसांची कामे. पण मोजणे आणि पडताळणे ही रीत चारही ठिकाणी एकच.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कोसंबींनी चार दुकानांतली वानगी चाखली नाही. गणिताचा पाया पक्का होता, म्हणून इतर शास्त्रांत त्यांचा पाय घसरला नाही. अनेक शास्त्रांच्या पदवीत असे एक तरी शास्त्र तळापर्यंत नसेल, तर वडीलधाऱ्यांची भीती खरी ठरेल.

आता आमच्या अनुभवाचे. या डोंगरातली कितीतरी मुले कोल्हापूरच्या फौंड्र्यांत कामास जातात. साच्याच्या वाळूतली सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुफ्फुसे निबर होत जातात, आणि पुष्कळदा तो खोकला क्षयाचा समजला जातो. धूळ कशाची, हे रसायन सांगते. हवेत ती किती वेळ तरंगते, हे पदार्थविज्ञान सांगते. फुफ्फुसाचे काय होते, हे वैद्यक सांगते. आणि कोणत्या खात्यात किती माणसे खोकतात, हे संख्याशास्त्र सांगते. नुकसानभरपाईचा दावा घेऊन उभे राहिलो की हे चारही जाणणारा एक माणूस आम्हांस हवा असतो. कामगाराचे दुखणे विषय पाहून येत नाही.

आज दार किंचित उघडले आहे. २००६ साली पुण्यास निघालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेने जीव, रसायन, पदार्थविज्ञान आणि गणित ही चारही शास्त्रे प्रारंभी सर्वांना शिकवण्याचा क्रम ठेवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही बहुशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला. परंतु नोकरीच्या जाहिरातीत अजून बहुधा एकाच विषयाचे नाव असते, आणि गरिबाचे पोर तेथे अडते. खुद्द कोसंबींनाही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९४६ पासून काम केल्यावर १९६२ साली करार न वाढल्याने बाहेर पडावे लागले. त्यांचे नाव तोवर जगभर झालेले होते. आमच्या मुलीच्या पाठीशी असे नाव नाही.

म्हणून आमचे मागणे दोन्हीकडे आहे. पालकांनी मुलीस विचारावे की, यातले कोणते शास्त्र तू तळापर्यंत नेणार? आणि नोकरी देणाऱ्यांनी जाहिरातीत विषयाच्या नावापुढे "अथवा संबंधित शास्त्रांची एकत्रित पदवी" एवढे शब्द घालावेत. अभ्यासक्रम बदलला आणि भरतीचा नियम तसाच राहिला, तर विद्यापीठाने उघडलेले दार कारखान्याच्या फाटकाशी बंद होईल. ते उघडे ठेवणे हे आमच्या युनियनचेही काम आहे.