खाटेचा निकाल आणि त्यावरील अपील

आमचे आजोबा बेळगावात वकिली करीत. १९६४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी सहा आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगितले, आणि उठल्यावर जिना जन्माचा वर्ज्य केला. त्यांचा ग्रंथसंग्रह घराच्या माडीवर होता. त्यानंतर आजोबा नऊ वर्षे जगले, पण त्या माडीवर त्यांचे पाऊल पुन्हा पडले नाही. लागेल ते पुस्तक आमचे वडील खाली आणून देत. त्या डॉक्टरांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळचा कायदाच तसा होता, आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे लागू केला.

आज आमचे वय ४४ आहे. सहा वर्षांपासून मधुमेह आणि चार वर्षांपासून रक्तदाब आमच्या सोबतीस आहेत. आमच्या डॉक्टरांनी मात्र उलट आज्ञा केली : रोज चाला, आणि आठवड्यातून दोनदा वजने उचला. हे ऐकून मडगावास दिलेल्या आमच्या आत्याबाई कळवळून म्हणाल्या, "पुता, ह्या पिरायेर हें कित्याक?" त्यांनी आपल्या वडिलांची ती नऊ वर्षे डोळ्यांनी पाहिली होती. त्यांची भीती निराधार म्हणून झटकून टाकणे आम्हांस बरे वाटेना. म्हणून वकिलाच्या सवयीने आम्ही या जुन्या खटल्याचे कागद पुन्हा उघडले.

पहिला आश्चर्याचा धक्का असा की, आपल्याकडील सर्वांत जुना पुरावा खाटेच्या बाजूचा नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचा विचार आहे. तेथे निर्धन रोग्याला पायांत जोडा व डोक्यावर छत्री न घेता, भिक्षा मागत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावयास सांगितले आहे. त्याच ग्रंथात व्यायामाची मर्यादाही घालून दिली आहे. आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच श्रम करावेत, आणि श्वास तोंडाशी येऊ लागला की ते अर्धे झाले असे समजावे. रोग्याला चालविणारा आणि बलवानालाही थांबविणारा असा हा दुहेरी विवेक आहे.

इंग्लंडातही आरंभी असेच घडले. विल्यम हेबर्डन या वैद्याने छातीतील कळेचे वर्णन अठराव्या शतकात केले. त्याच्या निधनानंतर १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एका रोग्याची नोंद आहे. त्या गृहस्थाने रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापण्याचे काम स्वतःस लावून घेतले आणि तो जवळजवळ बरा झाला. ही साक्ष नोंदली गेली. परंतु पुढे दीर्घकाळ तिच्यावर निकाल कोणी दिला नाही.

एकोणिसाव्या शतकात विश्रांतीचे प्रस्थ वाढले. जॉन हिल्टन या शस्त्रवैद्याचा विश्रांतीवरील ग्रंथ १८६३ साली निघाला. मोडलेले हाड स्थिर ठेवल्याने जुळते, तर आजारी हृदयही स्थिर ठेवावे, हा तर्क सरळ दिसे. झटक्याने मृत झालेला हृदयाचा भाग भरून येण्यास काही आठवडे लागतात, ही गोष्टही खरी होती. चूक एवढीच की, एका इंद्रियास विश्रांती देताना उरलेल्या सर्व देहास आपण कोणती शिक्षा देतो, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

तो हिशेब विसाव्या शतकाच्या मध्यास मांडला गेला. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी हृदयविकाराच्या रोग्यांना लवकरच खाटेवरून उठवून खुर्चीत बसविण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची तुलना पुढे आणली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, जिने चढउतार करून तिकिटे देणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार पुष्कळच कमी आढळला. आमच्या आजोबांना जिना वर्ज्य झाला त्याच्या अकरा वर्षे आधी हा पुरावा छापला गेला होता! परंतु छापलेला पुरावा आणि रूढ झालेला व्यवहार यांतील अंतर किती असते, हे वकिलांना कोणी नव्याने सांगावयास नको.

सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतील डल्लस येथील आहे. १९६६ साली वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सक्तीने अंथरुणावर ठेवण्यात आले. त्यांची श्रम करण्याची कमाल शक्ती चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, १९९६ साली, तेच पाच जण पन्नाशीत पुन्हा तपासले गेले. तेव्हा असे दिसले की, तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांचे जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे तारुण्यातील त्या तीन आठवड्यांच्या खाटेने केले होते. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढता व्यायाम दिला गेला, आणि वयाने हिरावलेली ती शक्ती त्यांना परत मिळाली. साक्षीदार पाचच होते आणि त्यांत कोणी जुनाट रोगी नव्हता, हे प्रतिपक्षाने म्हणण्याआधी आम्हीच सांगतो. तथापि 'गेलेले बळ या वयात परत येत नाही' या समजुतीस या साक्षीने मोठे खिंडार पाडले.

रोग्याची साक्ष हवी असल्यास थॉमस डिलॉर्म यांची घ्यावी. मुलगा असताना संधिवाती तापाने त्यांना अंथरुणास खिळविले आणि पुढे श्रम टाळण्याचा सल्ला मिळाला. त्यांनी वजने उचलून शरीर बांधले. पुढे ते डॉक्टर झाले, आणि दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांचे दुबळे झालेले पाय त्यांनी याच मार्गाने सावरले. १९४५ साली त्यांनी ही पद्धती प्रसिद्ध केली. रोग्यास जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते वजन शोधावे. पुढे ठरल्याप्रमाणे आधी त्याच्या निम्म्याने, मग पाऊणाने, शेवटी पुऱ्या वजनाने दहा-दहा वेळा व्यायाम करावा, आणि बळ वाढेल तसे वजन वाढवावे. निम्म्यापासून आरंभ करण्याची ही रीत वाचताना आम्हांस सुश्रुताच्या अर्ध्या बळाची आठवण झाली. दोहोंचा संबंध आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही.

आपल्या मुलखातील उदाहरण औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचे. त्यांचा जन्म १८६८ चा. ऐन तारुण्यात त्यांनी सँडो या पाश्चात्य मल्लाची साधने आणून दहा वर्षे त्याचा व्यायाम केला. चाळिशीच्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांचे उपासक राहिले. संस्थानच्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले; १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. १९५१ साली, ८२ व्या वर्षी, ते वारले. बडोद्याच्या वाचकांस प्रो. माणिकरावांची व्यायामशाळा ठाऊक असेलच. तेथे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली. व्यायामाला केवळ श्रद्धेचा नव्हे, तर मोजमापाचाही आधार असावा, हा आग्रह मराठी माणसाने धरला, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

मधुमेह्यास स्नायूंची एवढी आवश्यकता का, हेही सांगितले पाहिजे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. आणि काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहताही साखर आत घेतो. चाळिशीनंतर स्नायू झिजू लागले म्हणजे साखरेचे कोठारच लहान होते. ते पुन्हा वाढविता येते काय? १९९० साली मारिया फियातारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातील दहा जणांना वजनांचा व्यायाम दिला. आठ आठवड्यांत त्यांच्या पायांचे बळ सरासरी दुपटीहूनही अधिक झाले. नव्वदीस जे साधते ते पंचेचाळिशीस असाध्य कसे म्हणावे?

तेव्हा अपील मान्य व्हावे, असे आमचे म्हणणे आहे, पण अटींवर. आरंभ डॉक्टरांच्या तपासणीने व्हावा. रक्तदाबाच्या रोग्याने श्वास कोंडून वजन उचलू नये. मधुमेह्याने सुश्रुताचे चालणे घ्यावे, अनवाणीपणा घेऊ नये, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चुकवू नये. औषध आपल्या मताने बंद करू नये. छातीत दुखल्यास थांबावे, आणि ते कोणापासून लपवू नये.

आम्ही गेली दोन वर्षे हे पाळीत आहो. मधुमेह गेलेला नाही, आणि तो जाईल असे आम्हांस कोणी सांगितलेलेही नाही. आरंभी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठताना धाप लागे. आता दोन्ही हातांत वजने घेऊन तेच करता येते. गेल्या दिवाळीत आजोबांची शिसवी आरामखुर्ची ओसरीवरून उचलून आम्ही माडीवर, त्यांच्या पुस्तकांपाशी नेऊन ठेवली. अठरा पायऱ्या आहेत. मध्ये एकदा थांबलो. आत्याबाई जिन्याच्या तळाशी उभ्या राहून पाहत होत्या. नंतर त्याही सावकाश वर आल्या आणि त्या खुर्चीत बसल्या.