रेचक औषधे : प्रकार, परिणाम आणि घ्यावयाची काळजी

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मळ कोरडा व खड्यासारखा होणे, कुंथावे लागणे आणि शौचानंतरही पोट साफ न झाल्याची भावना राहणे, या लक्षणांना बद्धकोष्ठता म्हणतात. रोज सकाळी शौचास झालेच पाहिजे, हा समज मात्र शास्त्राला धरून नाही. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंतचा क्रम निरोगी माणसांत आढळतो. त्यामुळे एक दिवस चुकला म्हणून रेचक घेण्याचे कारण नसते.

रेचकांचे प्रकार

तोंडावाटे घेण्याच्या रेचकांचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार मळाचे आकारमान वाढविणाऱ्यांचा. इसबगोल हे त्याचे परिचित उदाहरण होय. गुजरातमधील उंझा ही या पिकाची मोठी बाजारपेठ आहे. इसबगोलाची साल पाणी शोषून फुगते आणि मळ मऊ करते. तिचा परिणाम दिसण्यास 12 तासांपासून तीन दिवस लागतात.

दुसरा प्रकार आतड्यात पाणी ओढून धरणाऱ्यांचा. लॅक्ट्युलोज, पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया ही औषधे त्यात येतात. पहिल्या दोहोंना गुण येण्यास एक ते तीन दिवस लागू शकतात. मिल्क ऑफ मॅग्नेशियाचा परिणाम मात्र अर्ध्या तासापासून सहा तासांत होतो.

तिसरा प्रकार आतड्याच्या हालचालींना चालना देणाऱ्यांचा. बिसाकोडिल आणि सोनामुखी यांचा परिणाम साधारणतः सहा ते बारा तासांत होत असल्याने ती रात्री झोपताना घेतात. बाजारातील अनेक चूर्णांत सोनामुखी हाच प्रमुख घटक असतो. चूर्ण वनस्पतिजन्य आहे म्हणून ते कितीही दिवस घ्यावे, असा अर्थ होत नाही.

घेण्याची रीत

इसबगोल पेलाभर पाण्यात मिसळून लगेच प्यावे आणि दिवसभर भरपूर पाणी घ्यावे. ते कोरडे गिळल्यास घशात फुगून श्वास कोंडण्याचा, तर पाणी अपुरे पडल्यास आतड्यात अडथळा होण्याचा धोका असतो. त्यामुळे ते अगदी झोपण्याच्या वेळी घेऊ नये. गिळण्यास त्रास होणाऱ्यांनी ते टाळावे. इतर औषधे आणि इसबगोल यांत सुमारे दोन तासांचे अंतर ठेवणे इष्ट.

बिसाकोडिलची गोळी फोडू वा चावू नये. तिच्यावरील आवरण आतड्यात पोहोचल्यावर विरघळावे, अशी योजना असते. दूध किंवा आम्लपित्तावरील औषधाच्या तासाभराच्या आत ती घेतल्यास आवरण जठरातच विरघळते आणि पोटात मुरडा येतो.

मात्रा वाढविण्याचा मोह

औषधाचा परिणाम दिसण्यापूर्वीच दुसरी मात्रा घेणे ही सर्रास आढळणारी चूक होय. आतडे एकदा पूर्ण रिकामे झाले की पुन्हा मळ साठण्यास दोन-तीन दिवस जातात. हा काळ म्हणजे पुन्हा जडलेली बद्धकोष्ठता, असे समजून रुग्ण आणखी रेचक घेतो आणि सवयीचे चक्र सुरू होते. अतिवापराने जुलाब होऊन शरीरातील पाणी व पोटॅशियम घटते. परिणामी स्नायूंत अशक्तपणा येतो आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांना हा धोका अधिक. वैद्यकीय सल्ल्याविना कोणतेही रेचक सात दिवसांपेक्षा अधिक काळ घेऊ नये.

विशेष दक्षता

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या शरीरात मॅग्नेशियम साचते. त्यांनी मिल्क ऑफ मॅग्नेशिया डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. गरोदर स्त्रियांनी एरंडेल टाळावे, कारण त्याने गर्भाशयाचे आकुंचन सुरू होऊ शकते. लहान मुलांना रेचक डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. लोहाच्या गोळ्या, कोडीनयुक्त औषधे आणि रक्तदाबावरील काही औषधे यांनीही बद्धकोष्ठता होते. अशा वेळी मूळ औषधाचा विचार डॉक्टरांसमवेत करावा. ते परस्पर बंद करू नये.

रेचक केव्हा घेऊ नये

पोटात तीव्र वेदना, उलट्या, पोट फुगणे आणि वायूही न सरणे ही आतड्यातील अडथळ्याची किंवा आंत्रपुच्छाच्या दाहाची लक्षणे असू शकतात. अशा स्थितीत रेचक देणे जिवावर बेतू शकते. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. मळातून रक्त जाणे, कारणाविना वजन घटणे, पंडुरोग किंवा उतारवयात शौचाच्या सवयीत नव्याने झालेला बदल यांची तपासणी लांबवू नये. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचीही हीच लक्षणे असतात. मूळव्याध समजून चूर्णावर काढलेले महिने उपचाराची संधी हिरावून नेतात.

साध्या बद्धकोष्ठतेत भाकरी, पालेभाज्या, सालीसकट कडधान्ये, फळे, पुरेसे पाणी, नियमित चालणे आणि शौचाची भावना न दाबणे हाच उपचाराचा पाया होय. त्याने भागले नाही तरच, योग्य मात्रेत आणि थोड्या दिवसांपुरता रेचकाचा आधार घ्यावा.